डावी पोटरी

मानाचे काका आज एकटे आले नव्हते, आणि त्यांचा वार गुरुवार असताना सोमवारी भर दुपारी आले होते. त्यांनी मसाज सेंटरच्या दारातून आधी मुलीला आत सरकवलं आणि मग आपण आत आले. "ताई, ही माझी मुलगी. पाचवा महिना आहे. दोन दिवस डावी पोटरी धरलीय. म्हटलं, तुमच्याइतकं पायातलं कुणाला कळतं? हिच्या आईचा पायही तुम्हीच मोकळा केला होतात." मुलगी हसली. "बाबा घरी तुमचं इतकं कौतुक करतात ना मावशी, की मला वाटलेलं, तुम्हाला चार हात असणार." मग ती एका हातानं पोट सांभाळत टेबलावर चढली, कुशीवर वळली आणि पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढून निवांत डोळे मिटून पडली. ताईनं हाताला तेल चोळलं, दोन्ही तळवे त्या पोटरीवर टेकवले, आणि चटका बसावा तसे उचलले. पुन्हा टेकवले नाहीत. टॉवेल घेऊन बोट न् बोट पुसत ती म्हणाली, "मी या पायाला हात लावणार नाही. आत्ता इथून उठून सरळ डॉक्टरकडे जा. सोनोग्राफी करून घ्या पायाची. उद्यावर टाकू नका." मुलीनं डोळे उघडले. काका म्हणाले, "अहो ताई, नुसता गोळा आलाय. तुम्ही दोन मिनिटं दाबलंत तर..." "काका, नाही म्हटलं ना!" ती इतकी मोठ्यानं ओरडली, की पडद्यापलीकडे कंबर दाखवायला आलेले गृहस्थ खोकून गप्प झाले.

ते दोघं गेल्यावर ती बेसिनपाशी बराच वेळ हात धूत उभी राहिली. पोटरी खरंच गरम होती की आपलेच हात गरम होते, हे तिला सांगता आलं नसतं. तिचे हात नेहमीच गरम असत. पंचवीस वर्षांपूर्वी तिला कामावर ठेवताना इथल्या मॅडम तिचा हात हातात धरून म्हणाल्या होत्या, हीच तुझी डिग्री. या सेंटरमध्ये माणसांना नाव नसायचं, दुखणं असायचं. कंबर आली का, साडेचारचा गुडघा येणार नाही म्हणून फोन होता, डाव्या खांद्याला म्हणावं जरा बस. काका आधी नुसतेच मानेचे काका होते. मग कुणीतरी म्हणालं, मान दुखते म्हणून मानेचे, आणि इतकी वर्षं न चुकता येतात म्हणून मानाचे. अकरा वर्षं झाली. सुरुवातीची चार वर्षं ताईनं त्यांची मान सरळ मनानं दाबली. पुढची सात तशी नाही. त्या सात वर्षांत दर गुरुवारी ते टेबलावर पालथे पडले, तोंडासाठी ठेवलेल्या गोल भोकात त्यांनी चेहरा घातला, की खालून, जमिनीतून यावा तसा त्यांचा आवाज यायचा, आणि ताई वरून त्या पिकल्या केसांच्या मानेकडे बघत आपलं काम करत राहायची. मानेला डोळे नसतात, ही त्यातल्या त्यात सोय.

अकरा वर्षांपूर्वी टेबल खिडकीशी होतं आणि भिंती पोपटी होत्या. या मुलीची आई, म्हणजे बाई, शाळेत गणित शिकवायच्या. पायरी चुकून घोटा मुरगळला, तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला, प्लास्टर काढलं आणि पोटरी ठणकायला लागली. "बसून बसून सोकावलाय हा, ताई," पाय वर घेत त्या म्हणाल्या होत्या, "याला जरा कामाला लावा." पाय उजव्यापेक्षा जाड दिसत होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती, मोज्याच्या इलॅस्टिकची खाच खोल उमटली होती. आणि तो गरम होता. हे ताईला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय तिनं स्वतःला कधी ठेवली नाही. उलट ती तोऱ्यात म्हणाली होती, "बघा, नुसता हात लागला तर रक्त कसं धावायला लागलं." तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याचं नाव होतं. ताईचा अंगठा म्हणजे किल्ली, कुठलंही कुलूप उघडतं, असं लोक म्हणत आणि तीही ते ऐकून घेई. तिनं घोट्यापासून गुडघ्याकडे अंगठा रेटत नेला. बाईंनी दात आवळले आणि सतराचा पाढा सुरू केला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. दुखलं की त्या पाढा म्हणायच्या. बाळंतपणात एकोणतीसपर्यंत गेले होते, म्हणाल्या. सतरा त्रिक एक्कावन्न. ताई थांबली. "जास्त होतंय का?" "होऊ दे. पोरांना मी याहून जास्त रडवते. दाबा अजून." आणि ताईनं दाबलं. सतरा चोक अडुसष्टला अंगठ्याखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि ताईला वाटलं, सुटली गाठ. तिला आनंद झाला होता. आपलं काम आपल्याला जमतं, याचा एक लहानसा, चांगला आनंद. बाई उठल्या, पाय टेकवून बघितला, म्हणाल्या, वा. ताईनं पायाला आपल्याकडची क्रेपची पट्टी गुंडाळून दिली, पुढच्या वेळी आणा म्हणून सांगितलं. बाई जिना उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

हे तिला कळलं महिन्याभरानं. एक उंच, वाकलेला माणूस दारात उभा होता, हातात धुऊन वाळवून घट्ट गुंडाळलेली पट्टी. "ही तुमची. तिनं दोनदा आठवण केली होती, परत करायची म्हणून." मग, उभ्याउभ्याच, त्यांनी सगळं सांगितलं. झोपेतच हार्ट बंद पडलं. इथून आल्यावर मात्र जिना न लंगडता चढली, पलंगावर बसली आणि म्हणाली, हलकं वाटतंय. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं तिला. शेवटचा आराम तुमच्या हातून मिळाला. त्याचे आभार मानायला आलो." ताई रडली होती तेव्हा, अगदी मोकळेपणानं, आपल्या हातांचा अभिमान वाटून. मग त्यांनी चाचरत विचारलं होतं, की त्या दिवसापासून त्यांची मान आखडली आहे, उजवीकडे वळतच नाही, ती त्यांना घेईल का.

चार वर्षांनी मॅडमनी सगळ्या मसाज करणाऱ्या बायकांना तीन दिवसांच्या वर्गाला पाठवलं. शिकवणारा डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता, फळ्यावर पाय काढताना त्यानं पायाला सहा बोटं काढली म्हणून सगळ्या हसल्या होत्या. ताईही हसली होती. मग त्यानं पोटरीवर लाल खडूनं एक टिंब दिलं. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा. प्लास्टर, ऑपरेशन, लांबचा प्रवास, बाळंतपण असलं काही नुकतंच झालेलं. तर त्या पायाला बोटसुद्धा लावायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळून ती सुटली तर थेट फुप्फुसात. त्यानं टिंबापासून वर छातीपर्यंत एक रेघ ओढली, खडूची बोटं झटकली आणि म्हणाला, चला, दहा मिनिटं सुट्टी. बाकी बायका उठून गेल्या. ताई बसून राहिली. तिनं वहीत लिहिलं होतं, 'एकच पाय. गरम.' त्यापुढे पेन हललं नाही. सतरा चोक अडुसष्ट, तिच्या अंगठ्यानं म्हटलं. डोक्यानं नव्हे, अंगठ्यानं. तिनं तो मुठीत धरून ठेवला.

कुणाला सांगायचं होतं? आणि काय सांगायचं होतं? कदाचित बाई तशाही गेल्या असत्या. कदाचित खरंच हार्ट असेल. तिनं स्वतःशी हा वाद इतक्यांदा घातला, की दोन्ही बाजूंचे वकील तिला तोंडपाठ झाले. पुढच्या गुरुवारी काका आले, पालथे पडले, आणि भोकातून आवाज आला, "त्या दिवशी ती जिना न लंगडता चढली हो ताई." ती गप्प राहिली, आणि एकदा गप्प राहिल्यावर पुढच्या वेळचं गप्प राहणं सोपं असतं, असं लोक म्हणतात ते खोटं आहे, दर वेळी ते नव्यानं करावं लागे. शिवाय गोष्ट वाढत चालली होती. आधी बाई नुसत्या जिना चढल्या होत्या. दोनेक वर्षांनी त्या चढताना गुणगुणत होत्या. मग त्यांनी पलंगावर बसून पाय हलवून दाखवला होता. मागच्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "या ताईंच्या हातात जादू आहे." बाई असलं काही बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फार तर म्हटलं असतं, बरा आहे हात, सराव करा. ताईला हे ठाऊक होतं, तरी ती खोडत नव्हती. त्या एका तासात ती त्या मानेवर अंगठा न वापरता फक्त तळव्यांनी काम करायची. अंगठा दुखतो आताशा, असं सगळ्यांना सांगायची. नंतर तो खरंच दुखायला लागला.

बाई काही कुठं पांढऱ्या कपड्यांत येऊन उभ्या राहिल्या नाहीत. त्या गरम वस्तूंतून यायच्या. उन्हानं तापलेला जिन्याचा कठडा, इस्त्री करून नुकतेच रचलेले कपडे, आधी कुणीतरी बसून उठून गेलेली बसमधली सीट. हात टेकला, की खाली पोटरी असायची, ताणलेली, चकचकीत, आतून ठणकणारी. घरी सासूबाईंच्या पायाला तिनं सात वर्षं हात लावला नव्हता. "जगाचे पाय चेपतेस आणि माझ्याच पायांना काय काटे आलेत?" सासूबाई विचारायच्या. काहीतरी सांगायचं म्हणून ती म्हणायची, दिवसभर तेच करून वीट येतो. मग नवरा ऑफिसातून आला की तोच आईचे पाय दाबत बसे, चुकीच्या दिशेनं, आणि सासूबाई त्याच्या डोक्यावरून सुनेकडे बघत राहत.

मंगळवारी अकराच्या सुमारास सेंटरच्या फोनवर काकांची मुलगी होती. आवाजावरूनच कळत होतं, की सगळं ठीक आहे. "मावशी, काहीच नाही हो निघालं! स्कॅन एकदम स्वच्छ. स्नायू आखडलाय म्हणे, शेक घ्या, पाय वर ठेवा. पण डॉक्टर म्हणाल्या, ज्यांनी पाठवलं त्यांना शाबासकी द्या." ताईनं रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती स्टुलावर बसली. म्हणजे पोटरी गरम नव्हतीच. हात गरम होते. "बाबांना तुम्ही असलं घाबरवलंत, माहितीये? ते वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. आणि हो, डॉक्टरांनी ते सगळं विचारलं, लग्न कधी झालं, आधीचे आजार, आणि घरात आईवडलांपैकी कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का. म्हटलं, छे, आई तर हार्टनं गेली. तसं असतं तर म्हणे आत्तापासून इंजेक्शनं द्यावी लागली असती, बाळंतपण झाल्यावरही पुढं काही आठवडे. हे रक्तातून येतं म्हणे कधीकधी. वाचले बाई, मला सुईची इतकी भीती वाटते!" ती हसली. ताई म्हणाली, "पाय वर ठेवत जा," आणि फोन ठेवला.

बाहेर कंबरवाले गृहस्थ शर्ट काढून बसले होते. त्यांची कंबर तिनं कशी दाबली, तिला आठवत नाही. आतापर्यंत ती जे सोसत होती ते तिचं एकटीचं होतं, तिच्या अंगठ्यापुरतं, आणि ते तसंच घेऊन मरायचं असं तिनं ठरवूनही टाकलं होतं. आता त्यात एक जिवंत पोरगी आली होती, पाच महिन्यांचं पोट घेऊन, सुईपासून वाचले म्हणून हसणारी. मुलीला परस्पर फोन करावा का? पण हे बापाच्या पाठीमागून कसं करायचं? आणि खात्री तरी कुठं होती? स्कॅन स्वच्छ होता. कदाचित पुढंही सगळं स्वच्छच जाईल. कदाचित बाईंचं हार्टच असेल. वकील पुन्हा उभे राहिले आणि ती पहिल्यांदाच त्यांना कंटाळली. बुधवारी संध्याकाळी ती भाजी चिरताना सुरी तशीच धरून थांबली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कालपासून बघतेय. कुणी मेलंय का?" "नाही." "मग तोंडाची रया का गेलीय? ज्याचं असेल त्याला सांगून मोकळी हो. पोटाखाली धरून काय अंडी उबवायचीत?" ताईला हसू आलं आणि तिनं उरलेली भाजी चिरायला घेतली.

गुरुवारी काका वेळेवर आले. मुलगीही बरोबर होती. इथून पुढं तिच्यासाठी मऊ चपला घ्यायला जायचं होतं. ती बाहेर बाकावर पाय लांब करून बसली. काकांनी शर्ट खुंटीला लावला, चष्मा काढून खिडकीत ठेवला, पालथे पडून भोकात चेहरा घातला. ताईनं तेल घेतलं, मानेवर तळवे ठेवले. खांद्यापासून कानापर्यंत दोन्ही शिरा दोरीसारख्या ताणलेल्या होत्या. इतक्या कडक तिनं त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. "सोमवारी घाबरवलंत आम्हाला," खालून आवाज आला. "पण तुम्हीच ते. हिच्या आईच्या वेळीही तुमच्याच हातांनी..." "काका, उठून बसा." "आत्ता तर झोपलो." "बसा." ते उठले. गालांवर आणि कपाळावर भोकाच्या कडेची लाल गोल खूण उमटली होती, आणि चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान, उघडे वाटत होते. मानेला सांगणं सोपं गेलं असतं. ताईनं हात पाठीमागे घेतले.

"त्या दिवशी बाईंचा पाय सुजलेला होता," ती म्हणाली. "डावाच. एकच. गरम होता. असला पाय दाबायचा नसतो. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी दाबला. जोरात दाबला. आत गुठळी असली तर ती सुटते आणि वर जाते. त्या हार्टनं गेल्या नसतील. मला चार वर्षांनी एका वर्गात कळलं. म्हणजे सात वर्षं मला माहीत आहे आणि सात वर्षं मी तुमच्याकडून आभार मानून घेतेय." काका चष्म्यासाठी खिडकीकडे हात लांबवत होते, तो पोचत नव्हता, आणि तिनं उचलून दिला नाही. "खात्रीनं?" शेवटी त्यांनी विचारलं. "खात्री नाही. आता कुणालाच करता यायची नाही. पण मुलीला डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का, आणि ती नाही म्हणाली. त्यांना कळायला हवं. नाहीतर मी बोललेही नसते कदाचित. मला काय म्हणायचं ते म्हणा. पोलिसात जायचं तर जा."

काका टेबलाच्या कडेला बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. ते बोलायला लागले तेव्हा आवाज खालून यायचा तसाच आला, जाड आणि सपाट. "ती चार दिवस म्हणत होती, पुन्हा त्या हॉस्पिटलात जाऊ या, हा पाय मला बरा वाटत नाही. मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला काय डॉक्टर? मसाज करून घे. मीच इथला नंबर काढून दिला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तीन आठवडे मी तिला घेऊन तिथं जात होतो. त्या बाकावर दोन-दोन तास. मला कंटाळा आला होता, ताई. दुसरं काही नाही. नुसता कंटाळा." बाहेर मुलगी कुणाशी तरी बोलत होती, बहुधा डाव्या खांद्याशी. "त्या दिवशी पहाटे डॉक्टर घरी आले. त्यांनी विचारलं, काही त्रास होता का, पाय वगैरे सुजला होता का. मी नाही म्हणालो. विचार करून नाही म्हणालो. हो म्हटलं असतं तर त्यांनी पुढचं विचारलं असतं, मग दाखवलं का नाही? त्यांनी हार्ट लिहिलं आणि सही केली."

ताईच्या छातीवरून काहीतरी उतरलं. क्षणभरच, पण उतरलं. मग मी एकटी नव्हते. आणि लगेच तिला स्वतःची इतकी शिसारी आली, की तिनं टेबलाची कड धरली. "म्हणजे जिना न लंगडता चढल्या, ते?" "लंगडतच चढली. दोनदा थांबली." "आणि हलकं वाटतंय म्हणाल्या?" काकांनी मान हलवली, नाही अशी, आणि ती उजवीकडे वळलीच नाही, नुसती थरथरली. "दुखणं वर सरकलंय म्हणाली. मी म्हटलं, झोप. तुमच्या हातून तिला आराम मिळाला नसेल, तर मी तिला कुठं पाठवलं होतं, ताई? म्हणून मी तुम्हाला सांगत राहिलो. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला पटतंय, म्हणजे तसंच झालं असणार." "मला ते दर गुरुवारी चावत होतं," ताई म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "अकरा वर्षं तुम्ही माझ्या हातात ते ठेवून जात होतात." "माहीत नव्हतं मला," काका म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "माहीत असतं तरी आलोच असतो बहुतेक."

तेलाची वाटी थंड झाली होती. तासातली पंधरा मिनिटं गेली होती आणि पंखा फिरत होता. आता हा माणूस आपल्याला माफ करणार नाही आणि आपणही त्याला नाही, हे ताईच्या ध्यानात आलं. तसं करायचा हक्क ज्यांना होता त्या बाई दोघांपैकी कुणालाच काही न विचारता गेल्या होत्या. काकांनी उठून शर्ट घातला. वरचं बटण खालच्या काजात गेलं, ते तसंच राहू दिलं. "तिला बोलवा आत," ते म्हणाले. "मी सांगतो. तुम्ही मात्र जाऊ नका."

मुलगी आत आली ती हसतच. "काय, झाली का मान मोकळी?" मग तिनं दोघांची तोंडं बघितली. काकांनी तिला स्टुलावर बसवलं, दुसरं स्टूल पुढं ओढून तिचा पाय त्यावर ठेवला, आणि स्वतः उभे राहून सांगितलं. चार दिवस, बाक, कंटाळा, डॉक्टरांचा प्रश्न, आपलं उत्तर. गाळलं काही नाही. त्यांचं झाल्यावर ताईनं आपलं सांगितलं. मुलगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिचा हात पोटावर गोल गोल फिरत होता. वीस वर्षांची होती ती तेव्हा. "त्या रात्री आई मला हाक मारत होती," ती म्हणाली. "मी अभ्यास करत होते. तुम्ही म्हणालात, बाबा, जाऊ नकोस, तिला झोपू दे." काकांनी मान खाली घातली. ताईला वाटलं, आता ही रडेल, किंवा उठून निघून जाईल. मुलीनं पर्समधून फोन काढला. "आधी मला डॉक्टरांना फोन करू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात, पहिल्यांदाच, वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या बाई होत्या. "तुम्हा दोघांशी काय बोलायचं ते मग बघते. कुठं जाऊ नका."

काका टेबलाच्या कडेला बसले. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ताईही त्यांच्या शेजारी, मध्ये वीतभर अंतर ठेवून बसली. मुलीनं खिडकीकडे तोंड केलं. "हॅलो, डॉक्टर, सोमवारी आले होते मी, पायासाठी. तुम्ही विचारलं होतंत, घरात कुणाला होतं का," ती म्हणाली आणि थांबली, एक खोल श्वास घेतला. "होतं. आईला होतं." पलीकडून बराच वेळ कुणीतरी काहीतरी विचारत होतं. मुलगी हो, नाही, अकरा वर्षं, प्लास्टर होतं, अशी उत्तरं देत होती, आणि ते दोघं शेजारी शेजारी बसून तिचा फोन संपायची वाट बघत होते.